खांबेट्यांचा न तपासलेला हिरा

आमच्या समोरच्या फ्लॅटमधले खांबेटे बाहेर पडताना दाराला कुलूप लावतात, ते दोनदा ओढून बघतात, जिना उतरायला लागतात, अर्ध्यातून परत येतात आणि माझी बेल वाजवतात. मी पोळ्या लाटत असले तरी पिठाच्या हातानं बाहेर यावं लागतं. "वहिनी, जरा ओढून बघता का? माझ्या ओढण्यावर माझा विश्वास नाही." मी ओढते. कुलूप लागलेलंच असतं. मग ते माझ्याकडे अशा नजरेनं बघतात की या बाईनं मनापासून ओढलं की उगाच हात लावल्यासारखं केलं. इतकी वर्षं मी त्यांचं कुलूप ओढतेय, पण 'ठीक आहे' एवढासुद्धा शेरा मला अजून मिळालेला नाही.

खांबेटे वजनमापे खात्यात निरीक्षक होते. दुकानदाराचं वजन उचलायचं, उलटं करायचं, खालून कोरलंय का बघायचं, तराजूच्या पारड्याखाली चिंच चिकटवलीय का चाचपायचं, हे त्यांचं पोटापाण्याचं काम. नोकरी संपली, पण चाचपणं काही सुटलं नाही. आता दुकानं नाहीत म्हणून आम्ही शेजारी आहोत.

त्यांचा आवडता शब्द 'कशावरून'. आधी 'मान्य' म्हणायचं आणि मग 'पण कशावरून?' मी एकदा सहज म्हटलं, आज गुरुवार ना, दत्ताला जाऊन येते. तर म्हणाले, "मान्य. पण कशावरून गुरुवार?" मी पेपर दाखवला. त्यांनी तो आधी उजेडात धरला. पेपर कालचा नाही हे कशावरून, असं म्हणून ते दूधवाल्याला विचारायला खाली गेले, आणि दूधवाला बुधवार म्हणाला म्हणून आणखी अर्धा तास गेला. सोसायटीच्या सभेत अध्यक्षांनी 'सर्व सभासदांचं स्वागत' म्हटलं की हे हात वर करतात. सर्व आलेत हे कशावरून? बरं, माणूस भांडखोर म्हणावा तर तसंही नाही. आवाज कधी चढत नाही. शंका काढतात आणि शांत बसतात, भांडतात ते बाकीचे.

डॉक्टरांकडे रक्तदाब मोजायला गेले तर म्हणाले, आधी तुमचा मोजून दाखवा, म्हणजे यंत्र बरोबर आहे का कळेल. डॉक्टर तरुण, भिडस्त. त्यानं मोजला. तो जास्त निघाला. तेव्हापासून खांबेट्यांना त्या यंत्राबद्दल शंका आहे आणि डॉक्टर रोज सकाळी फिरायला जातो.

आंबेवाल्यानं तर हात टेकलेत. हे पेटीतला एकेक आंबा उचलतात, देठाशी वास घेतात, देवगडचा कशावरून म्हणतात. शेवटी एकदा तो वैतागून म्हणाला, काका, पुढच्या वर्षी झाडाला आधारकार्ड काढून आणतो. खांबेटे म्हणाले, आणा, पण त्याच्यावरचा फोटो ओळखू येईल असा असू दे.

अशा माणसाबरोबर शैलानं संसार केला. शैला म्हणजे त्यांची बायको आणि माझी मैत्रीण. मी तिला विचारायचे, कशी गं राहतेस? ती हसायची. म्हणायची, अगं, आमटीत मीठ घातलंस का विचारतात, मी हो म्हणते, ते कशावरून म्हणतात, मी चमचा पुढे करते. यात भांडायला जागाच कुठाय? मी असते तर तोच चमचा फेकून मारला असता.

एका गोष्टीचा मात्र मला शैलाचा हेवा वाटायचा. तिच्या बोटात हिऱ्याची अंगठी होती, लग्नात तिच्या वडिलांनी घातलेली. ते वाईला शाळेत मास्तर. एकुलत्या मुलीला हिरा घालायचा म्हणून त्यांनी किती वर्षं पोटाला चिमटा काढला असेल ते त्यांनाच ठाऊक. खडा चांगला ठसठशीत. आकार मात्र चमत्कारिक, धड गोल नाही, धड चौकोनी नाही. डोकं ठेवून ठेवून उशीचे कोपरे दबावेत तसा. पाहुण्यांची नजर त्या अंगठीवर गेली की खांबेटे आपणहून सांगायचे, "या घरात मी न तपासलेली ही एकच वस्तू. सासऱ्यांनी दिलेली. तिथं तपासायचं काय?" शैला मान खाली घालून हसायची आणि चहा टाकायला उठायची. आमच्या ह्यांना माझ्या माहेरच्या मिक्सरवरसुद्धा कधी एवढा विश्वास वाटला नव्हता.

शैला गेली त्याला आता काही वर्षं झाली. तेव्हापासून खांबेट्यांकडे डबा येतो. ते तो उघडतात, हुंगतात, झाकतात, परत उघडतात. विचारायला समोर कोणी नाही, म्हणून हल्ली त्यांचं 'कशावरून' जिन्यात जास्त ऐकू येतं.

त्यांची मुलगी रेवती हिंजवडीला नोकरी करते. आईचं हसणं आणि बापाची नजर असं दोन्ही घेऊन आलीय. तिनं तिच्याच कंपनीतला अमेय पसंत केला. मुलगा विश्रांतवाडीचा, घरचं चांगलं, निर्व्यसनी. खांबेटे म्हणाले, मान्य, पण कशावरून? आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच ते हिंजवडीला गेले, अशी कंपनी खरोखर आहे का ते बघायला. फाटकावरच्या पहारेकऱ्यानं यांच्याकडे ओळखपत्र मागितलं. यांनी आधी त्याचं मागितलं. तो बिहारचा, नवा, घाबरून त्यानं दाखवलं. ते खरं कशावरून, असा विषय निघाला तेव्हा मागे कंपनीच्या बसगाड्यांची रांग लागली होती. शेवटी अमेय स्वतः खाली आला, यांना कँटीनमध्ये घेऊन गेला, खाऊपिऊ घातलं आणि आपल्या खुर्चीवर बसवून आपला संगणक दाखवला. संध्याकाळी खांबेटे माझ्या दारात उभे राहून म्हणाले, मुलगा बरा वाटतो, इडली मात्र कालची होती. त्यांच्याकडून एवढं म्हणजे पसंती.

साखरपुड्याची तारीख ठरली आणि एका रविवारी रेवती माझ्याकडे आली. स्वयंपाकघरात शिरली आणि दार लोटून घेतलं.

ती म्हणाली की साखरपुड्याला तिला आईचीच अंगठी घालायची आहे, पण कोंदण सैल झालंय, खडा हलतो. बाबा म्हणतायत, लक्ष्मी रोडला नेऊन नवं कोंदण करून आणतो. मी म्हटलं, चांगलंय की. तर तिनं माझा हात धरला.

"मावशी, तुम्ही बाबांबरोबर जा. आणि काय वाटेल ते करा, पण तो खडा कोणाला तपासू देऊ नका. तो हिरा नाहीये."

मी गॅस बंद केला. मग तिनं सगळं सांगितलं. शेवटच्या आजारपणात शैलानंच तिला सांगितलं होतं. वाईच्या मास्तरांना कोणीतरी फसवलं होतं, आणि बिचाऱ्यांना ते मरेपर्यंत कळलं नाही. शैलाला कळलं, पण तिनं नवऱ्याला कधी सांगितलं नाही. मुलीला तिनं बजावलं होतं, बाबांना कळू देऊ नकोस, त्या माणसानं जन्मात एकाच वस्तूवर डोळे मिटून विश्वास ठेवलाय, तीच खोटी निघाली तर तो पार कोलमडेल.

म्हणजे झालं काय, की ज्या माणसानं भाजीवालीच्या तराजूखाली वाकून बघण्यात आयुष्य घालवलं, त्याला सोनाराच्या पेढीवर नेऊन, त्याच्याच हातातली वस्तू त्याला तपासू द्यायची नाही, हे काम माझ्या गळ्यात आलं. मी भूगोल शिकवायचे. असल्या कामाचा मला अनुभव नाही. पण शैलासाठी मी हो म्हटलं.

दोन दिवसांनी खांबेटे आले. मला वाटलं, कुलूप. तर म्हणाले, वहिनी, कणकेचा एक गोळा द्या, घट्ट मळलेला. मी म्हटलं, डबा आला नाही का? तर म्हणाले, खायला नको, कामाला हवाय. दिला. त्यांनी माझ्यासमोरच खिशातून शैलाची अंगठी काढली आणि खड्याचा ठसा कणकेत उमटवला, चारी बाजूंनी. मग तो गोळा प्लास्टिकच्या डबीत घातला आणि मला म्हणाले, चला, लक्ष्मी रोडला जायचंय, तुम्हाला दागिन्यांतलं कळतं.

ते घरी जाऊन कुलूप लावून आले तसं मी विचारलं, अंगठी घेतलीत ना? तर अंगठी ते घरी ठेवून निघाले होते. कोंदण करायचं अंगठीला, आणि बरोबर काय, तर कणीक. अंगठी घरी तर घरी, तपासायचा प्रश्नच मिटला, म्हणून मी खुशीत होते. शंका मला नंतर यायला लागली.

पहिल्या पेढीत एका मुलीनं आमच्यापुढे निळ्या मखमलीवर हिरे मांडले आणि कुठला आकार हवा विचारलं. खांबेटे चष्मा काढून वाकले. गोल दाखवला तर म्हणाले, याचं पुढचं मागचं कळत नाही. थेंबाचा दाखवला तर म्हणाले, हा बघून नळ दुरुस्त करावासा वाटतो. होडीसारखा दोन्ही बाजूंनी निमुळता होता, तो स्वेटरमध्ये अडकेल. चौकोनाचा कोपरा तुटला की तुम्ही म्हणणार गिऱ्हाइकानं तोडला. लांबट गोल होता त्याला ते घाईत कापलेला गोल म्हणाले. बदामाच्या राजावर असतो तसल्या आकाराचा एक होता, मुलगी कौतुकानं म्हणाली, काका, हा हार्ट शेप, मुलींना फार आवडतो. खांबेटे म्हणाले, "माझ्या हृदयाचा फोटो आहे डॉक्टरांकडे. असं काही दिसत नाही ते."

मग एक हिरा प्रयोगशाळेत वाढवलेला आहे असं तिनं सांगितलं. म्हणजे खोटा? नाही काका, खराच. खरा तर प्रयोगशाळेत कशाला गेला? त्या पोरीला घाम फुटला. शेवटी खांबेट्यांनी खिशातून डबी काढली, गोळा काउंटरवर ठेवला आणि म्हणाले, या आकाराचा आहे का? उन्हात रिक्षातून येताना कणीक सुटली होती. ठसा फुगून त्याचा मोदक झाला होता. मुलीनं मॅनेजरला बोलावलं. मॅनेजरनं गोळ्याकडे बघितलं, आमच्याकडे बघितलं, आणि दारातल्या बंदूकवाल्याकडे बघितलं. मी आयुष्यात प्रथमच एका दुकानातून पदर सावरत लगबगीनं बाहेर पडले.

दुसऱ्या खेपेला त्यांनी ठसा साबणावर घेतला, तिसऱ्या खेपेला मेणावर. मेणाचा ठसा बघून एका पेढीवाल्यानं विचारलं, किल्ली बनवायचीय का? आम्ही लक्ष्मी रोड पालथा घातला. दर ठिकाणी तेच, सगळे आकार मांडायला लावायचे, सगळ्यांना नावं ठेवायची आणि मग हळूच खिशातला ठसा काढायचा. मला त्यांनी सांगितलं होतं की रेवतीला आणखी एक हिरा घ्यायचा विचार आहे, पण तिला एवढ्यात कळू देऊ नका. बरं, घ्यायचा तर घ्या. पण मुलीला हवाय कुठला, तिला आवडेल कुठला, हे काही नाही. नेमका शैलाच्या खड्याचाच आकार, नखाइतकासुद्धा फरक चालणार नाही. असं का, हे मी विचारलं की म्हणायचे, आहे काहीतरी.

मग गाठ पडली तात्यांशी. गल्लीतली जुनी पेढी, तात्या स्वतः गादीवर बसतात. त्यांनी मेणाचा ठसा बघितल्याबरोबर ओळखला. म्हणाले, उशीचा आकार, त्यातही जुनी घडण, हातानं पैलू पाडलेले, म्हणून एक बाजू जराशी बसकी. असा तयार मिळायचा नाही, पण जुन्या दागिन्यातला शोधतो. खांबेट्यांनी मान डोलावली आणि मला म्हणाले, वहिनी, तुम्ही जरा तिकडे चांदीची भांडी बघता का? मी तिकडे गेले. फुलपात्रं बघत होते, पण कान इकडेच. त्यांचं काहीतरी खालच्या आवाजात चाललं होतं. एवढंच कानावर आलं, "जुना काढायचा, हा बसवायचा. कोणाला कळता कामा नये."

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आणि जो पडला तो इतका वाईट की मला त्या फुलपात्रांसमोर उभंसुद्धा राहवेना.

घरी येऊन मी ह्यांना सांगितलं, कुठंतरी पाणी मुरतंय. खांबेटे शैलाचा हिरा काढून विकणार आहेत आणि त्या जागी तशाच आकाराचा दुसरा कसलातरी बसवणार आहेत. हे म्हणाले, छे, खांबेटे तसले नाहीत. मी म्हटलं, कशावरून? बघा, तोंडात त्यांचाच शब्द आला. जन्मभर दुसऱ्यांच्या तराजूखाली चिंच शोधली आणि आता स्वतः बायकोच्या अंगठीत अदलाबदल करायला निघाले. मला संताप संताप झाला. आणि त्याहून मोठी भीती होती. विकायला काढला की तो तपासला जाणार, तपासला की खोटा निघणार, आणि शैलानं जिवापाड जे झाकलं ते असं भर पेढीवर उघडं पडणार. हातचं राखून बोलायची वेळ गेली होती. मी रेवतीला फोन केला.

तात्यांचा निरोप आला त्या दिवशी खांबेटे इस्त्रीचा सदरा घालून निघाले. या वेळी अंगठी त्यांच्या खिशात होती, वरून सेफ्टी पिन लावलेली. रिक्षात मी त्यांच्याशी एक शब्द बोलले नाही. त्यांच्या ते लक्षातसुद्धा आलं नाही. सारखे खिसा चाचपत होते.

आम्ही गादीवर टेकतोय तोच रेवती आत आली. ऑफिस सोडून आली होती, गळ्यात कंपनीचा पट्टा तसाच. खांबेटे चमकले. तिनं त्यांना बोलूच दिलं नाही. सरळ विचारलं, बाबा, आईचा हिरा विकताय?

उत्तर तात्यांनी दिलं. म्हणाले, अहो ताई, विकत कुठायत, ते तर घेतायत. आणि त्यांनी कागदाची पुडी उलगडली. आत एक खडा होता, शैलाच्या अंगठीतल्या खड्याचा जुळा भाऊ म्हणावा असा. तात्या म्हणाले, खरा जुना हिरा आहे, फार हिंडलो तेव्हा मिळाला, तुमच्या बाबांनी मुदत ठेव मोडलीय त्यासाठी. हा बसवायचा आणि जुना काढून त्यांच्या हातात द्यायचा, असं ठरलंय. मला काही उमजेना. रेवतीलाही उमजलं नसावं. तात्यांनी हात पुढे केला तशी खांबेट्यांनी पिन काढून अंगठी त्यांच्यासमोर ठेवली.

"जुना खडा आमच्याकडे आला की आम्ही गिऱ्हाइकासमोर तपासतो," असं म्हणून तात्यांनी खणातून पेनासारखं एक यंत्र काढलं. त्याचं टोक टेकवलं की खऱ्या हिऱ्यावर वाजतं म्हणे. पेढीची ती रीतच, उद्या कोणी खडा बदलला म्हणायला नको.

"नको," रेवती म्हणाली.

"नको," खांबेटे म्हणाले, आणि त्यांनी अंगठीवर पंजा ठेवला.

दोघं एकदमच बोलली. तात्यांचा हात हवेत राहिला. बापलेक एकमेकांकडे बघत राहिली, आणि खांबेट्यांच्या डोळ्यांत ती नजर आली, वजन उलटं करून बघतानाची.

"तू का नको म्हणालीस?"

"तुम्ही का म्हणालात?"

तात्या शहाणे गृहस्थ. चहा सांगून येतो म्हणाले आणि आत गेले. मलाही उठावंसं वाटलं, पण मी बसून राहिले. खांबेट्यांचं डोकं कसं चालतं ते मला माहीत आहे. मुलगी नको म्हणाली म्हणजे तिला माहीत आहे. तिला माहीत आहे म्हणजे कोणीतरी सांगितलं. सांगू शकणारं माणूस जगात एकच होतं. हे सगळं मला त्यांच्या चेहऱ्यावर पायरी पायरीनं दिसलं.

"आईला माहीत होतं?"

रेवतीनं मान डोलावली.

"कधीपासून?"

"लग्नाच्या पहिल्या वर्षापासून. भाजी आणते सांगून ती एका पेढीवर गेली होती. तुमच्याबरोबर राहून तिलाही सवय लागली होती, बाबा."

"मग मला का नाही सांगितलं?"

"तुम्ही तेवढ्या एकाच गोष्टीवर विश्वास ठेवला होता म्हणून."

खांबेट्यांनी पंजा उचलला आणि अंगठीकडे बघितलं. मग ते जे बोलले ते मुलीशी बोलले की आणखी कोणाशी, मला सांगता येणार नाही.

"अगं, मी तपासल्याशिवाय राहीन का? लग्नाला आठवडासुद्धा झाला नव्हता. अंगठी धुवून आणतो म्हणून घेऊन गेलो. कळलं. चिडून घरी आलो, सगळं सांगणारच होतो. तर ही दारात उभी. हात पुढे केला आणि म्हणाली, तपासली नाहीत ना हो? माझ्या बाबांनी दिलीय. तिचा तो चेहरा... मी म्हटलं, छे, तिथं तपासायचं काय. एकदा बोललो, मग तेच म्हणत राहिलो."

रेवतीनं तोंडावर हात धरला होता. मी सरळ रडत होते. आणि मला माझी लाजही वाटत होती, या माणसाला मी चोर ठरवून मोकळी झाले होते. मुलगी खोटा खडा घालून सासरच्या माणसांत बसणार, कोणी ओळखला तर तिच्या आईचं माहेर निघणार, म्हणून तो म्हातारा कणीक आणि साबण खिशात घालून गल्लोगल्ली फिरला. मुलीला आईचीच अंगठी मिळाल्याचा आनंद व्हावा आणि आत मात्र खरा हिरा असावा. जन्मात केलेली पहिली लबाडी लपवायला त्यांनी दुसरी काढली होती.

चहा आला. तात्या गादीवर बसले आणि कोणाकडेही न बघता त्यांनी विचारलं, मग कुठला बसवू? खांबेट्यांनी पुडीवर बोट ठेवलं, पण रेवतीनं ती बाजूला सारली. म्हणाली, बाबा, मला हिरा नकोच होता कधी, मला आईच्या बोटातला हवाय. ते म्हणाले, अगं, पण सासरी कोणी विचारलं तर? तिनं डोळे पुसले आणि म्हणाली, सांगेन, आमच्या घरात तो कोणी तपासत नाही.

तात्यांनी पुडी मिटली. खांबेट्यांनी अंगठी उचलून त्यांच्या हातात दिली आणि म्हणाले, कोंदण खालून बंद करा. मागून कोणाला बघता येता कामा नये.

रेवती तिथूनच ऑफिसला गेली. जाताना बापाच्या गळ्यात पडली, आणि खांबेटे हात कुठं ठेवावे ते न कळून उभे राहिले. मी रिक्षा थांबवली. मग अलका चौकाच्या सिग्नलला ते म्हणाले, तिनं मला सांगायला हवं होतं हो, वहिनी. मी काही बोललो नसतो. थोड्या वेळानं म्हणाले, बोललो असतो. त्या सोनाराला शोधून काढला असता आणि त्याची पेढी बंद पाडली असती. पण तिला नसतो बोललो.

मी म्हटलं, तिला ते ठाऊक असणार, भाऊजी.

त्यांनी मान डोलावली. रस्त्याकडे बघत राहिले. सिग्नल सुटला तरी त्यांचं तिकडेच लक्ष होतं.

"आता तिला सांगावंसं वाटतंय, की मलाही माहीत होतं. घरी गेल्या गेल्या सांगितलं असतं. किती हसली असती ती." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "आता कोणाला सांगू?"

आमचं कर्वेनगर काही लांब नव्हतं, पण त्यांना त्या वेळी त्या रिकाम्या घरात सोडायचं माझ्या जिवावर आलं. मी पुढे वाकून रिक्षावाल्याला सांगितलं, सिंहगड रस्त्यानं घे, राजाराम पुलावरून जाऊ. केवढा तरी वळसा पडत होता. रिक्षावाला वळला, आणि हा रस्ता बरोबर कशावरून, असं खांबेट्यांनी विचारलं नाही.